सोमवार बैलाचा, रविवार कोणाचा?



आपल्या बेळगाव-खानापूरकडे सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. शेजारच्या हिंदू बांधवांकडे हा बसवण्णाचा वार म्हणून पाळतात. आपल्या ख्रिस्ती घरांतही तो वाडवडिलांपासून तसाच चालत आला आहे, कारण बैल काही धर्म विचारून दमत नाही. आता बैलजोड्या कमी झाल्या, पॉवर टिलर आणि ट्रॅक्टर आले. तरी ज्यांच्या गोठ्यात अजून जोडी आहे, त्यांच्यापैकी पुष्कळजण हा नेम मोडीत नाहीत.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. जुलै महिना, भाताची लावण तोंडावर आलेली. आठवडाभर पावसाने ओढ दिली होती आणि रविवारी रात्री तो असा कोसळला की सकाळी वाफे तुडुंब भरले. चिखलणीला याहून चांगला दिवस मिळायचा नाही. आमच्या गावातल्या एका घरी मुलगा औत जोडायला निघाला, तर म्हातारे वडील गोठ्याच्या दारात आडवे उभे राहिले. "आज सोमवार हाय," एवढेच ते म्हणाले. मुलाने पुष्कळ समजावले. पाणी उतरून जाईल म्हणाला, शेजाऱ्याने ट्रॅक्टर बोलावला म्हणाला. वडील हलले नाहीत. "तुला दमलो म्हणून सांगता येतंय, त्येला येत न्हाई. त्येचा वार आपणच ध्यानात ठेवायला पायजे."

त्या दिवशी बैल गोठ्यात रवंथ करीत बसले, आणि म्हातारबाबा स्वतः कुदळ घेऊन फुटलेला बांध घालायला गेले. भर पावसात, दिवस मावळेपर्यंत.

त्याच वर्षीच्या सुगीत, कापणी चालू असताना, ते शेतातच पडले. तोंड वाकडे झाले, उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. कोणी म्हणाले ऊन लागले, कोणी कांदा हुंगवला, कोणी अंगारा आणायला धावले. मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत अर्धा दिवस गेला. मागाहून समजले की, दोन वर्षांपूर्वी उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी रक्तदाब मोजून त्यांना डॉक्टरांकडे धाडले होते आणि गोळ्या सुरू झाल्या होत्या. महिनाभर घेतल्या, बरे वाटू लागले, मग बंद केल्या. बैलाचा वार ज्यांनी चुकू दिला नाही, त्यांनी स्वतःची गोळी मात्र चुकवली.

ही हकीकत आम्ही त्यांना नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. त्यांच्यात आणि आमच्यात तिळभर फरक नाही, म्हणूनच सांगतो. दुधाच्या डेअरीत आज आपल्या गाईला किती फॅट लागली, हे आपल्यापैकी कोणालाही विचारा, दशांशापर्यंत सांगेल. ट्रॅक्टर किती तास चालला आणि तेल कधी बदलायचे, हेही ठाऊक असते. पण "तुमचा रक्तदाब किती?" असे विचारले तर आपण हसतो. "आपल्याला काय झालंय?" म्हणतो.

अलीकडे शहरांतून 'स्वतःची काळजी घ्या' हा शब्द फार ऐकू येतो. त्यासोबत तेले येतात, साबण येतात, डोंगरावरच्या विश्रामगृहांच्या जाहिराती येतात. ते पाहून शेतकऱ्याला वाटते की ही रिकाम्या लोकांची चैन आहे. त्या जाहिराती चैनीच्याच आहेत, याबद्दल आमचेही दुमत नाही. पण मूळ गोष्ट चैनीची नाही. ती गोठ्यातली आहे आणि बैलाच्या बाबतीत ती आपल्याला पक्की ठाऊक आहे. चारा वेळेवर, पाणी वेळेवर, खांद्याला सूज दिसली की जू नाही, आणि आठवड्यातून एक दिवस मोकळा. एवढेच आपण आपल्या घरातल्या माणसांसाठी का करीत नाही, हा आमचा प्रश्न आहे.

आधी रक्तदाबाचे सांगून टाकतो, कारण त्या घरच्या दुःखाचे मूळ तिथे होते. रक्तदाब वाढला की दुखत नाही, खुपत नाही. माणूस खुशाल नांगर धरतो. 120 आणि 80 च्या खाली तो चांगला. वेगवेगळ्या दिवशी मोजून तो 140 आणि 90 किंवा त्याहून वर राहिला, तर डॉक्टरांचे ऐकलेच पाहिजे. "गोळी सुरू केली की तिची सवय लागते" असे गावात सगळे म्हणतात. सवय गोळीची नसते. रक्तदाब वाढण्याची शरीराला लागलेली खोड जात नाही, म्हणून गोळी चालू ठेवावी लागते. बरे वाटते ते गोळीमुळे. ती सोडणे म्हणजे पीक हिरवे दिसले म्हणून पाणी तोडण्यासारखे आहे. तीस वर्षांवरच्या माणसाचा रक्तदाब आणि साखर उपकेंद्रात तपासून मिळते, त्याला पैसे पडत नाहीत. मिठाचे माप दिवसाला माणशी 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. आपल्याकडे सुकी मासळी, लोणचे आणि पापड या तिघांतच तेवढे निघून जाते. आणि कोणाचे तोंड एकाएकी वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, तर कांदा हुंगवीत बसू नका. गुठळीमुळे झटका आला असेल तर ती विरघळवण्याचे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तपासण्यांना वेळ लागतो तो त्यातलाच. गाडी काढा, मोठे इस्पितळ गाठा.

झोपेचे दुखणे मात्र आपल्या हातचे अर्धेच आहे. पंपाला थ्री फेज वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीत येते. माणूस बॅटरी घेऊन दोन वाजता उसाला पाणी लावायला जातो, पाचला परत येतो, सहाला धार काढतो. मोठ्या माणसाला सात तासांची झोप लागते, ती त्याने कुठून आणायची? वीज दिवसा द्या ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. तोवर आमची सूचना साधी आहे. भावाभावांनी, बापलेकांनी रात्रीच्या पाण्याची पाळी लावून घ्यावी. एकाच माणसाने सलग चार रात्री मर्दुमकी दाखवू नये. आणि ज्याची रात्र गेली, त्याने दुपारी जेवणावर तासभर आडवे व्हावे, त्याला कोणी आळशी म्हणू नये. रात्री पायांत गुडघ्यापर्यंत रबरी बूट हवेत, हे निराळे सांगायला नको. आपल्याकडे घोणसही आहे आणि मण्यारही.

पाठीचे दोनच शब्द. युरियाचे पोते 2018 पासून 50 किलोऐवजी 45 किलोचे झाले, पण डीएपीचे अजून 50 चेच आहे. ते एकट्याने झटका देऊन उचलण्यात पुरुषार्थ नाही. दोघांनी उचलावे, गुडघ्यांत वाकून उचलावे.

फवारणीकडे मात्र थांबून पाहायला हवे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो माणसे इस्पितळात पडली. ती माणसे अडाणी नव्हती. घाईत होती, उघड्या अंगाने होती, आणि पीक डोक्यापर्यंत वाढले होते. आपल्याकडे बटाट्यावर, कोबीवर, मिरचीवर आपण काय वेगळे करतो? बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो, तो तरी पाहावा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. सौम्य म्हणजे बिनविषारी नव्हे. वाऱ्याकडे पाठ करून फवारावे, तोंडाला नाकाला फडके नव्हे तर फवारणीचा मास्क लावावा, हातमोजे घालावेत. मध्येच तंबाखू मळू नये, कारण त्या चिमटीबरोबर औषधही पोटात जाते. घाम फार सुटू लागला, तोंडाला पाणी सुटले, डोळ्यांपुढे अंधारले, मळमळले, तर पंप खाली ठेवून कपडे काढावेत, साबणाने अंग धुवावे आणि बाटली बरोबर घेऊन दवाखान्यात जावे.

आणि ते कपडे! फवारून आलेला माणूस शर्ट-लेंगा काढून कोपऱ्यात टाकतो. तो घरची बाई उघड्या हातांनी, पोरांच्या कपड्यांबरोबर धुते. फवारले नवऱ्याने, विष मात्र तिच्याही कातडीत शिरते. हे कपडे वेगळे ठेवावेत, वेगळ्या बादलीत धुवावेत, आणि आमचे स्पष्ट मत असे आहे की ज्याने फवारले त्यानेच ते धुवावेत.

इथे आम्ही मूळ मुद्द्याशी आलो. आतापर्यंत जे लिहिले ते बहुतेक पुरुषांच्या दुखण्यांविषयी होते. पुरुषाचे दुखणे निदान शेतात पडून दिसते तरी. बाईचे दिसत नाही. आम्हांला आमच्याच घरात ते दिसले नव्हते.

तीन वर्षांपूर्वी आमची कारभारीण विहिरीवरून घागर आणताना मध्ये दोनदा टेकू लागली. गोठ्याच्या तीन पायऱ्या चढली तरी छाती धपापायची. भाकरी थापताना बसल्या जागी डोळे मिटायची. आम्ही म्हटले, वय झाले. तीही म्हणाली, वय झाले. तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. पुढे धर्मग्रामातल्या सभागृहात रक्ततपासणीचे शिबिर झाले, तिथे ती आपणहून नव्हे, शेजारणीला सोबत म्हणून गेली. हिमोग्लोबिन निघाले सात. बाईला ते निदान बारा हवे. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आम्हांला बोलावून घेतले आणि विचारले, "घरात शेवटी कोण जेवतं?" आम्हांला उत्तर ठाऊक होते, पण तोंडातून निघेना. आमच्या घरी आधी पुरुष, मग पोरे, मग म्हातारी आई आणि सर्वांच्या शेवटी ती. रश्शातल्या फोडी संपलेल्या असत. उरलेला रस्सा आणि भात, त्यावर एक कप चहा. गेली वीस वर्षे हे आमच्या डोळ्यांदेखत चालले होते.

हे आमच्याच घरचे नाही. सरकारच्या 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकी शंभरात सत्तावन्न जणींना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांत पंचवीस. घर तेच, चूल तीच, मग हा फरक कुठून आला? काही फरक निसर्गाचा आहे. महिन्याच्या पाळीत आणि बाळंतपणात रक्त जाते. पण बाकीचा ताटातला आहे. त्यात अनवाणी शेतात आणि परसाकडे जाण्याने पोटात आकड्यासारखे जंत होतात, ते रक्त पितात. जेवणावर लगेच चहा घेतला तर अन्नातले लोह अंगी लागत नाही. तासभर तरी मध्ये जाऊ द्यावा, आणि जेवणात लिंबू पिळावे, म्हणजे लोह चांगले मुरते. शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, मसूर, कधी बकऱ्याची कलेजी. नाचणीची आंबील तर आपली घरचीच. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम असते. मिश्री लावणाऱ्या बायकांना तेवढीच एक विनंती. ती तंबाखूच आहे, भाजली म्हणून औषध होत नाही. भूक मारते, आणि तोंडाच्या कर्करोगाला वाट करून देते. आमच्या निपाणी भागाने तंबाखू पिकवली, तिच्या भावासाठी 1981 साली शेतकरी मोठ्या आंदोलनात रस्त्यावर बसले, त्या माणसांबद्दल आम्हांला आदर आहे. पण पिकवणे वेगळे आणि हिरड्यांवर चोळणे वेगळे.

डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, जंतांचे औषध दिले, पाळीच्या तक्रारीसाठी मोठ्या डॉक्टरांकडे धाडले. सहा महिन्यांत हिमोग्लोबिन साडेअकरावर आले. पण जाता जाता बाई आणखी एक बोलल्या, ते आम्हांला गोळीपेक्षा कडू लागले. "यांना आठवड्यातून एक दिवस विश्रांती द्या." आम्ही सवयीने म्हणालो, "रविवारी आम्ही शेतात जात नाही, रविवार पाळतो." त्यावर आमची कारभारीण, जी परक्या माणसासमोर कधी तोंड उघडत नाही, ती हळूच म्हणाली, "रविवारी मला जास्त काम असतंय."

खरेच ना? आपल्या घरातला रविवार आठवून पाहा. पहाटे उठून धार, शेण, चूल. पोरांना आंघोळी, इस्त्रीचे कपडे, केसांना तेल. मिस्सेला पुरुष पुढे चालतो, ती दाराला कडी घालून धावत मागून येते. मिस्सा आटोपल्यावर पुरुष चर्चच्या आवारात तासभर बोलत उभे राहतात, पावसाचे, भावाचे, पंचायतीचे बोलतात. ती लगेच घरी परतते, कारण रविवार म्हणजे मटण, आणि मटण म्हणजे वाटण. दुपारी सगळे जेवून लवंडतात, ती भांडी घासते. चार वाजता पाहुणे येतात. सण असला तर सोरपोतेल आणि सान्नांची तयारी आदल्या रात्रीपासून, तीही तिचीच. पुरुषाचा रविवार शेताला सुटी देतो, चुलीला देत नाही. आपण रविवार पाळतो असे म्हणतो तेव्हा घरातल्या निम्म्या माणसांना आपण त्यात धरलेले नसते.

पवित्र शास्त्रात विसाव्याच्या दिवसाची आज्ञा आहे, तिच्यात एक यादी येते. तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरे, दाराशी आलेला परका, या सर्वांना विसावा हवा. दुसऱ्या एका ठिकाणी बैल आणि गाढव यांची नावे घेऊन सांगितले आहे. आम्ही ती यादी पुन्हा पुन्हा वाचली. तीत बायको वेगळी लिहिलेली नाही. जाणकार तिचा अर्थ असा लावतात की ती 'तू' मध्येच आहे, तुझ्या बरोबरीने. आम्हांला भीती वाटते की, आपण मात्र ती राहून गेली असे समजून चाललो आहोत.

म्हणून आमचे म्हणणे असे, आणि ते काहींना रुचणार नाही याची आम्हांला कल्पना आहे. घरातल्या माणसांचे आरोग्य सुधारायचे असेल तर सुरुवात बाईच्या रविवारापासून करावी. रविवारी एकच पदार्थ शिजवावा. खिचडी, पिठलं-भात, पेज आणि भाजलेला बांगडा, काय वाटेल ते. मटण हवेच असेल तर शनिवारी रात्री सर्वांनी मिळून वाटण करावे, आणि मटण शिजवायला पुरुष शिकावा. लग्नाच्या मांडवात शंभर माणसांचे मटण पुरुषच शिजवतात, मग घरच्या सहा माणसांचे शिजवताना हात का मोडतात? रविवारची धार मुलाने काढावी, भांडी मुलीबरोबर मुलानेही घासावीत. मिस्सेनंतर बायकांनीही चर्चच्या आवारात तासभर बोलत उभे राहावे. त्या बोलण्यात पुष्कळ काही शिकायला मिळते. आम्ही पुरुष भावापासून बियाण्यापर्यंत सगळे तिथेच शिकलो. आणि सणाच्या जेवणाची समिती नेमताना स्वयंपाकाला बायका आणि हिशेबाला पुरुष, ही वाटणी एकदा उलटी करून पाहावी.

हे आम्ही एका बैठकीत बोललो तेव्हा एक जुने गृहस्थ म्हणाले, "हा स्वार्थ झाला. आपला धर्म दुसऱ्यासाठी झिजायला सांगतो." त्यांचा मान ठेवून आम्ही एवढेच म्हणतो की, शेजाऱ्यावर किती प्रेम करावे याचे माप प्रभूने दिले आहे, आणि ते माप म्हणजे स्वतःवरचे प्रेम. माप फुटके असले तर शेजाऱ्याला काय मोजून देणार? शिवाय झिजणे आणि झिजवले जाणे यात फरक आहे. आपण बहुतेक वेळा दुसरेच करतो आणि त्याला पहिल्याचे नाव देतो.

दुसरे एकजण म्हणाले, "एवढा वेळ कुठाय?" त्यांना आम्ही संत इसिदोर यांची आठवण दिली. माद्रिदजवळ दुसऱ्याच्या जमिनीत नांगर धरणारा हा साधा माणूस, आपल्या शेतकऱ्यांचा आश्रयदाता, 15 मे त्यांचा दिवस. सोबतच्या गड्यांनी मालकाकडे चहाडी केली की, हा सकाळी मिस्सेला जातो आणि कामाला उशीर करतो. मालक पाहायला गेला, तर त्यांच्या शेतात देवदूत नांगर धरून चालले होते, अशी आख्यायिका आहे. आमच्या शेतात देवदूत आलेले आम्ही पाहिलेले नाहीत. पण भर दुपारी आंजेलुसच्या घंटेला हातातले विळे खाली ठेवून पाच मिनिटे उभे राहणारी, पाणी पिणारी, कंबर सरळ करणारी माणसे लहानपणी पाहिली आहेत, आणि त्यांचे भात आमच्यापेक्षा कमी पिकत नव्हते. लावणीच्या दिवसांत तासातासाला उभे राहून कंबर मागे वळवणे, पाणी पिणे, हे आता डॉक्टर सांगतात. जुन्या लोकांना ते घंटा सांगत होती.

संत इसिदोर यांना 1622 साली संतपद मिळाले, त्याच वेळी गोव्याचे आपले संत फ्रान्सिस झेवियर आणि त्यांचे गुरुबंधू संत इग्नेशियस लोयोला यांनाही मिळाले. संत इग्नेशियस यांनी रात्री दिवसाचा आढावा घेण्याची रीत घालून दिली. ती पाप मोजण्याची रीत आहे असे समजून आपण तिला भितो. पण तिची सुरुवात उपकार आठवण्यापासून होते, आणि शेवट उद्याच्या दिवसाकडे पाहून. आम्ही ती आपल्या परीने शेतकऱ्याची करून घेतली आहे. निजण्यापूर्वी पंधरा मिनिटे, दुधाच्या हिशेबाच्याच वहीत, मागच्या पानावर. आज काय चांगले झाले? अंगाने काय कुरकुर केली? कोणावर तोंड टाकले? नवे काय कळले? पहिले आठ दिवस आमच्या वहीत 'कोणावर' या ओळीपुढे एकच नाव येत होते, घरच्यांचे. पाण्याची पाळी चुकली, तिच्यावर. गाईने लाथ मारली, तिच्यावर. लिहून पाहिल्याखेरीज ते दिसले नसते.

'नवे काय कळले' ही ओळ पुष्कळदा कोरी राहते. पण ती कोरी दिसली की लाज वाटते, आणि लाजेने माणूस काहीतरी शिकतो. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी पन्नाशीत स्कूटर शिकून घेतली, आता डेअरीला दूध त्याच नेतात आणि दुधाचा पैसा त्यांच्या खात्यात येतो. हिमोग्लोबिनची गोळी जे करू शकली नाही, ते त्या स्कूटरने केले, असे त्या स्वतः सांगतात.

मनाच्या दुखण्याविषयी आपल्यात फार मौन आहे. कर्ज झाले, पीक गेले, की माणूस बोलेनासा होतो, मिस्सेला मागच्या बाकावर बसतो, मग यायचेच थांबतो. त्याला उपदेश करू नये. जाऊन त्याच्या अंगणात बसावे. झोप उडणे, जेवण नकोसे होणे, जगणेच नको वाटणे, हे पाप नव्हे, आजार आहे, आणि त्यावर औषध आहे. कबुलीला फादरांकडे जावे आणि औषधाला डॉक्टरांकडे. सरकारची 14416 ही फोनसेवा 2022 पासून सुरू आहे. ती रात्री-अपरात्रीही चालते, मराठीत आणि कन्नडात बोलता येते, पैसे पडत नाहीत. दारूचेही तेच. शपथा घालून दारू सुटत नाही, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. दारू सोडलेल्यांचे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस हे मंडळ अमेरिकेत 1935 साली सुरू झाले आणि आपल्या देशात 1957 पासून आहे. अनेक ठिकाणी चर्चच्या खोल्यांतच त्याच्या बैठका भरतात. तिथे नाव सांगावे लागत नाही, फी नाही.

त्या म्हातारबाबांना आम्ही परवा भेटून आलो. ते आता काठी धरून ओसरीपर्यंत येतात. उजवा हात अजून चालत नाही. सोमवार होता. गोठ्यात जोडी बसली होती, आणि मुलगा वडिलांना गोळी देऊन समोर पाण्याचा पेला धरून उभा होता. म्हातारबाबा आमच्याकडे पाहून अडखळत म्हणाले, "माझा वार रोजचा झालाय."

या रविवारी आमच्या घरी पिठलं-भात आहे, आणि तो आम्ही करणार आहोत. मागच्या खेपेला गुठळ्या झाल्या होत्या. कारभारीण मिस्सेनंतर शेजारणींशी बोलत उभी राहणार आहे, तेव्हा बारा वाजेपर्यंत तरी घरी चहा मिळणार नाही, पाहुण्यांनी तसे समजून यावे.